जायंट ऑक्टोपस नेमका कोणता? एका महाकाय प्राण्याच्या नावांचा गोंधळ

2010 चा फुटबॉल वर्ल्ड कप आठवतोय? जर्मनीतल्या ओबरहाउजेनच्या मत्स्यालयात बसून मॅचचे निकाल सांगणारा 'पॉल' नावाचा ऑक्टोपस तेव्हा आपल्याकडच्या न्यूज चॅनेलवर रोज झळकत होता. ऑक्टोपस म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर अजूनही तोच येतो. छोट्या टाकीतल्या दोन डब्यांपैकी एकाचं झाकण उघडणारा, आटोपशीर आकाराचा प्राणी.

आता इंटरनेटवर 'जायंट ऑक्टोपस' शोधून बघा. कुठे नऊ मीटरचा, कुठे पावणेतीनशे किलोचा, कुठे जहाज ओढून नेणारा. फोटो वेगवेगळ्या प्राण्यांचे, आकडे एकमेकांशी न जुळणारे, आणि खाली सगळीकडे एकच नाव. त्यामुळे प्रश्न पडतो, की हा 'जायंट ऑक्टोपस' एकच प्राणी आहे की अनेक?

थोडक्यात सांगायचं तर अनेक. पण किती, हे ठरवताना शास्त्रज्ञांची दीडशे वर्षं दमछाक झाली आहे. या काळात एका मोठ्या ऑक्टोपसला चार-पाच नावं मिळाली, एका न जन्मलेल्या ऑक्टोपसचंही बारसं झालं, आणि अलास्कामध्ये एक वेगळा प्राणी सगळ्यांच्या नजरेसमोर असून अनेक वर्षं कुणाला ओळखूच आला नाही.

शंख असलेले भाऊ आणि शंख नसलेला भाऊ

ऑक्टोपस मासा नाही. तो मृदुकाय संघातला, म्हणजे गोगलगाय, शिंपले, कालवं यांच्या खानदानातला. या संघातल्या शीर्षपाद नावाच्या वर्गात तो येतो. माकूल म्हणजे स्क्विड आणि कटलफिश हे त्याचे याच वर्गातले जवळचे नातेवाईक. आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये ऑक्टोपसला कटलफिशच्याच 'सेपिया' या गटात टाकलं होतं. आठ हातांच्या प्राण्यांसाठी 'ऑक्टोपस' हा स्वतंत्र गट अठराव्या शतकाच्या अखेरीस आला.

इथे एक खुलासा केलेला बरा. वर्तमानपत्रांत आणि वेबसाइटवर 'प्रजाती' हा शब्द एका विशिष्ट प्रकारच्या प्राण्यासाठी वापरतात. महाराष्ट्रातल्या शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात मात्र त्याला 'जाती' म्हणतात आणि 'प्रजाती' हा शब्द त्याच्या वरच्या पायरीसाठी राखून ठेवतात. म्हणजे प्राण्यांच्या नावांचा गोंधळ समजून घ्यायच्या आधीच आपल्याकडे पायऱ्यांच्या नावांचा गोंधळ आहे. या लेखात सोयीसाठी वरच्या पायरीला 'वंश' आणि खालच्या पायरीला 'प्रजाती' म्हटलं आहे. एकाच वंशात अनेक प्रजाती असू शकतात. वंशांचं मिळून एक कुल बनतं.

गोगलगायींचं वर्गीकरण करणाऱ्याकडे शंख असतो. तो टणक असतो, मोजता येतो आणि मेल्यानंतरही टिकतो. किती टिकतो, याचा पुरावा थेट नागपुरात आहे. शहराच्या पूर्वेकडच्या नंदनवनमधून निघून पश्चिमेकडे गेलं की टाकळीचा परिसर लागतो. दख्खनच्या लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात तिथे गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे जीवाश्म सापडले. ज्यांच्या नावाने पुढे हिस्लॉप कॉलेज सुरू झालं, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी हे शंख गोळा केले आणि 1860 मध्ये त्यांची शास्त्रीय वर्णनं लंडनमध्ये छापून आली. या गोगलगायी साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला एवढ्या जुन्या मृदुकाय प्राण्यांना नाव देता आलं, ते केवळ शंखामुळे.

ऑक्टोपसकडे यातलं काहीच नाही. हाड नाही, शंख नाही. त्याच्या शरीरात टणक म्हणता येईल अशी मोठी गोष्ट एकच, पोपटासारखी चोच. बाकी सगळं मऊ. जिवंत असताना तो रंग बदलतो, त्वचा कधी गुळगुळीत तर कधी काटेरी करतो, हात ताणतो आणि आखडतो. मेल्यावर लगेच सडायला लागतो. फॉर्मॅलिनच्या बरणीत टाकला तर आक्रसतो आणि फिका पडतो. त्यामुळे एका बरणीतल्या ऑक्टोपसची दुसऱ्या बरणीतल्या ऑक्टोपसशी तुलना करणं म्हणजे धुवून आटलेल्या दोन सदऱ्यांवरून मूळ मापं सांगण्यासारखं आहे. त्यात प्राणी मोठा असेल तर तो बरणीत मावतच नाही. मग एखादा हात किंवा एखादा तुकडा जपून ठेवतात आणि त्यावरच पुढच्या पिढ्या वाद घालतात.

न जन्मलेल्या ऑक्टोपसचं बारसं

असाच एक तुकडा शंभर वर्षं गाजला.

30 नोव्हेंबर 1896. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सेंट ऑगस्टीन गावाजवळच्या अनास्तासिया बेटावर सायकलवरून फिरणाऱ्या दोन मुलांना किनाऱ्यावर एक प्रचंड गोळा दिसला. वाळूत अर्धा रुतलेला, फिकट, रबरासारखा चिवट. गावातले डॉक्टर डेविट वेब यांनी त्याची पाहणी केली, फोटो काढले. गोळ्याची लांबी साधारण 18 फूट आणि वजन काही टनांत असावं असा अंदाज निघाला. पुढे घोडे जुंपून तो किनाऱ्यावर वर ओढून घ्यावा लागला.

वेब यांनी पत्रं पाठवली ती येल विद्यापीठातल्या ॲडिसन व्हेरिल यांना. शीर्षपादांच्या बाबतीत त्या काळच्या अमेरिकेत त्यांच्याहून मोठं नाव नव्हतं. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर आलेल्या महाकाय स्क्विडवर त्यांनी आधी भरपूर काम केलं होतं. व्हेरिल यांना आधी हाही स्क्विडच वाटला. मग मत बदललं आणि त्यांनी तो ऑक्टोपस असल्याचं जाहीर केलं. हातांची लांबी 75 ते 100 फूट असावी असा अंदाज बांधला आणि 1897 च्या सुरुवातीला त्याला नावही देऊन टाकलं, 'ऑक्टोपस जायगँटियस'.

गंमत म्हणजे व्हेरिल यांनी तो गोळा प्रत्यक्ष पाहिलाच नव्हता. सगळा कारभार पत्रांवर आणि फोटोंवर.

काही आठवड्यांनी वेब यांनी त्या गोळ्याचे तुकडे कापून पाठवले. ते हातात आल्यावर व्हेरिल यांना कळलं, की हे ऑक्टोपसचं मांस नाही, व्हेलच्या शरीरातली जाड चिवट चरबी असावी. त्यांनी मार्च 1897 मध्ये आपलं म्हणणं जाहीरपणे मागे घेतलं. त्यांच्या श्रेयात ही गोष्ट नक्की धरायला हवी, कारण एवढी प्रसिद्धी मिळालेलं नाव इतक्या लवकर मागे घेणारे फार नसतात.

पण नाव एकदा छापलं गेलं की ते पुसता येत नाही. 1971 मध्ये दोन अमेरिकन संशोधकांनी स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेला जुना तुकडा तपासून तो ऑक्टोपसचाच असल्याचा दावा केला आणि 'ऑक्टोपस जायगँटियस' पुन्हा जिवंत झाला. रहस्यकथांच्या पुस्तकांना तर मेजवानीच मिळाली. 1995 मध्ये दुसऱ्या गटाने इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली त्यातल्या तंतूंची रचना आणि प्रथिनांची घडण तपासली. ते मोठ्या पृष्ठवंशीय प्राण्याचं, बहुधा व्हेलचं कोलॅजन निघालं. 2003 मध्ये चिलीच्या किनाऱ्यावर तसाच गोळा आला तेव्हा डीएनए तपासणीची सोय होती. तो स्पर्म व्हेल निघाला. त्याच संशोधकांनी 2004 मध्ये फ्लोरिडाच्या तुकड्यासह अशा इतर 'समुद्री राक्षसां'च्या अवशेषांचीही तुलना केली आणि सगळे व्हेलच्या खात्यात जमा झाले.

व्हेल मेल्यावर सांगाडा खाली जातो आणि कातडीखालचा चिवट थर वेगळा होऊन तरंगत किनाऱ्याला लागतो. त्याला हाड नसतं, डोकं नसतं. हाड नसलेला मोठा प्राणी म्हटल्यावर माणसाला आठवणार कोण? ऑक्टोपसच.

खरा जायंट आणि त्याची नावं

व्हेरिल चुकीच्या गोळ्यामागे होते, तेव्हा खरा महाकाय ऑक्टोपस उत्तर पॅसिफिक महासागरात आरामात खेकडे खात होता. जपान, कोरिया, रशियाचा पूर्व किनारा, अलास्का, कॅनडा आणि खाली कॅलिफोर्नियापर्यंत तो आढळतो. स्थानिक कोळ्यांना तो पिढ्यान् पिढ्या माहीत होता. प्रश्न फक्त कागदावरच्या नावाचा होता.

1862 मध्ये विल्यम गॅब यांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑक्टोपसला 'ऑक्टोपस पंक्टेटस' म्हटलं. पण ते नाव 1826 मध्येच दुसऱ्या एका ऑक्टोपसला दिलेलं होतं. प्राण्यांच्या नावांचा नियम कडक आहे. एकाच वंशात एक नाव दोघांना देता येत नाही, आणि हक्क आधी आलेल्याचा. त्यामुळे गॅब यांचं नाव बाद झालं.

1910 मध्ये गेर्हार्ड व्यूल्कर या जर्मन अभ्यासकाने जपानमधून आलेल्या नमुन्यांवर काम केलं. ते नमुने आणणारे प्राणिशास्त्रज्ञ होते फ्रान्झ डोफ्लाइन. त्यांच्या सन्मानार्थ व्यूल्कर यांनी नाव दिलं 'पॉलिपस डोफ्लाइनी'. त्या काळी अनेक जण 'ऑक्टोपस'ऐवजी 'पॉलिपस' हे वंशनाम वापरत होते. पुढे ते बाद झालं आणि प्राणी 'ऑक्टोपस डोफ्लाइनी' झाला.

तिकडे पॅसिफिकच्या दुसऱ्या बाजूला एस. स्टिलमन बेरी हे अमेरिकन अभ्यासक आपल्या किनाऱ्यावरचे नमुने तपासत होते. त्यांनी 1912 च्या सुमारास एका प्राण्याला 'अपोलियॉन' हे नाव दिलं. अर्थ, विनाश करणारा. शिवाय काही अमेरिकन लेखनात हाच मोठा ऑक्टोपस 'हाँगकाँगेन्सिस' या आशियातल्या भलत्याच प्रजातीच्या नावाखाली वावरत होता. म्हणजे एकच समुद्र, दोन किनारे, आणि दोन्हीकडच्या ग्रंथालयांत वेगवेगळी नावं.

हा गुंता सोडवला ग्रेस पिकफर्ड यांनी. येलच्याच. व्हॅम्पायर स्क्विडला मिळालेली ढीगभर नावं वस्तुतः एकाच प्रजातीची आहेत, हेही त्यांनीच दाखवून दिलं होतं. 1964 मध्ये त्यांनी दोन्ही किनाऱ्यांवरचे नमुने एकत्र ठेवून सांगितलं, की प्रजाती एकच, 'डोफ्लाइनी'. मात्र तिचे तीन प्रादेशिक उपप्रकार मानता येतील. बेरी यांचा 'विनाशक' त्यातला एक उपप्रकार बनून राहिला.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण 'ऑक्टोपस' हा वंशच तोवर गोदाम झाला होता. कुठलाही आठ हातांचा प्राणी नीट बसत नसेल तर टाका 'ऑक्टोपस'मध्ये. 1998 मध्ये एफ. जी. हॉकबर्ग यांनी या महाकाय प्राण्याला तिथून काढून 'एन्टरोक्टोपस' या वंशात हलवलं. हा वंश नवा नव्हता. फ्रेंचांच्या केप हॉर्न मोहिमेत दक्षिण अमेरिकेच्या टोकाला मिळालेल्या नमुन्यांवरून तो 1889 मध्येच तयार झाला होता. त्यातही एक मेख आहे. ज्या नमुन्यावर हा वंश उभा केला, तो पूर्ण वाढ न झालेला प्राणी होता आणि त्याचं वर्णन इतकं त्रोटक, की त्या प्रजातीचं नाव आज स्वतंत्रपणे मानत नाहीत. जगातल्या सर्वात मोठ्या ऑक्टोपसचा वंश एका पोरसवद्या नमुन्यावरून ओळखला जातो!

आज त्याचं पूर्ण नाव असं लिहितात, एन्टरोक्टोपस डोफ्लाइनी (व्यूल्कर, 1910). त्या कंसाला अर्थ आहे. नाव देणाऱ्याने प्राण्याला मुळात दुसऱ्या वंशात ठेवलं होतं आणि नंतर कुणीतरी तो हलवला, एवढं तो कंस सांगतो.

या वंशात आणखी कोण?

एन्टरोक्टोपस वंशात साधारणपणे चार प्रजाती धरतात. उत्तर गोलार्धात एकटा डोफ्लाइनी. बाकीचे तिघे दक्षिणेला. चिली आणि अर्जेंटिनाच्या थंड पाण्यातला मेगॅलोसायथस (1852), न्यूझीलंडचा झीलँडिकस (1944), आणि नामिबिया-दक्षिण आफ्रिकेकडचा मॅग्निफिकस (1992). चौघेही थंड पाण्यातले. भारताच्या उबदार किनाऱ्यावर यातला एकही नाही, त्यामुळे कोकणात 'जायंट ऑक्टोपस सापडला' असा मेसेज आला तर निदान या चौघांवर संशय घ्यायचं कारण नाही.

नुसते मोठे आहेत म्हणून हे चौघे एकत्र नाहीत. अंगावर लांबीच्या दिशेने जाणाऱ्या घड्या, त्वचेवरचे मोठे चपटे उंचवटे, धडाच्या मानाने अरुंद डोकं, अशा खुणा ते वाटून घेतात. सर्वात भरवशाची खूण मात्र नराच्या उजव्या बाजूच्या तिसऱ्या हाताला असते. ऑक्टोपसमध्ये हा हात वीर्याच्या पिशव्या मादीपर्यंत पोहोचवण्याचं काम करतो आणि त्याच्या टोकाला चूषकांऐवजी एक वेगळा अवयव असतो. एन्टरोक्टोपसमध्ये हे टोक ठळकपणे लांब असतं. ऑक्टोपसच्या वर्गीकरणात या हाताला फार मान आहे. अडचण अशी, की नमुना मादीचा असेल तर ही खूण मिळतच नाही.

शाईने घातलेला घोळ

विसाव्या शतकात ब्रिटिश म्युझियमच्या जी. सी. रॉब्सन यांनी ऑक्टोपसवर मोठा ग्रंथ लिहिला. त्या काळापासून गट पाडताना एक सोपी कसोटी वापरात होती, शाईची पिशवी आहे की नाही. पटण्यासारखी कसोटी आहे. उथळ पाण्यातले ऑक्टोपस शत्रू आला की शाई सोडतात. खोल समुद्रात अंधारच आहे, तिथे शाईचा काय उपयोग? म्हणून खोल पाण्यातल्या अनेकांना ती पिशवीच नाही. मग शाईवाले एका घरात, बिनशाईवाले दुसऱ्या घरात.

जनुकांचा अभ्यास सुरू झाल्यावर ही भिंत पडली. 2014 मध्ये जॅन स्ट्रगनेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की शाईची पिशवी एकदाच नाही, वेगवेगळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे अनेकदा नाहीशी झाली आहे. खोल पाण्यात जो गेला त्याची ती गेली. पिशवी नसणं हा नात्याचा पुरावा नाही, पत्त्याचा आहे.

यातून जुनं अवाढव्य कुल फुटलं आणि एन्टरोक्टोपसला स्वतःच्या नावाचं कुल मिळालं, एन्टरोक्टोपोडिडी. त्याच कुलात आता म्यूसऑक्टोपस हा खोल पाण्यातला, बिनशाईचा वंश बसतो. कॅलिफोर्नियाजवळ समुद्राखालच्या डेव्हिडसन पर्वताच्या पायथ्याशी, सुमारे तीन हजार दोनशे मीटर खोलीवर, कोमट झऱ्यांपाशी अंडी उबवणाऱ्या हजारो माद्या 2018 मध्ये कॅमेऱ्यात दिसल्या होत्या. 'ऑक्टोपस गार्डन' म्हणून ते व्हिडिओ खूप फिरले. त्या फिकट, लहानखुऱ्या माद्या म्यूसऑक्टोपस वंशातल्या. दिसायला महाकाय डोफ्लाइनीशी काही साम्य नाही, पण पॉलपेक्षा त्याच त्याच्या जवळच्या.

आकाराने मोठे, नात्याने दूर

उलटंही घडतं. काही ऑक्टोपस आकाराने डोफ्लाइनीला टक्कर देतात, पण त्यांचं घराणं वेगळं असतं.

हॅलिफ्रॉन अटलांटिकस हा त्यातला पहिला. त्याला 'सात हातांचा ऑक्टोपस' म्हणतात, कारण नराचा तो खास हात उजव्या डोळ्याखालच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला असतो आणि बाहेरून सातच दिसतात. अंग जेलीसारखं. न्यूझीलंडजवळ मिळालेलं एक अपुरं कलेवर 61 किलोचं होतं आणि पूर्ण प्राणी 75 किलोचा असावा असा अंदाज मांडला गेला. नर मात्र वीतभर. कुलाच्या दृष्टीने तो कागदासारख्या पातळ कवचात राहणाऱ्या आर्गोनॉटच्या बाजूचा. डेन्मार्कच्या स्टीनस्ट्रुप यांनी त्याला 1861 मध्ये नाव दिलं. 1880 मध्ये दुसऱ्या एका अभ्यासकाने त्यालाच नवा प्राणी समजून 'अलोपोसस मोलिस' हे नाव दिलं होतं. तो अभ्यासक कोण? ॲडिसन व्हेरिल. म्हणजे खराखुरा महाकाय ऑक्टोपस व्हेरिल यांच्या टेबलावर फ्लोरिडाच्या गोळ्याच्या सोळा वर्षं आधीच येऊन गेला होता.

अंटार्क्टिकाजवळचा मेगालेलेडोन सेटेबोस हाही 'जायंट' म्हणवतो. त्यालाही दोन नावं मिळाली होती आणि नंतर ती एक झाली.

महाकाय स्क्विडची गोष्ट याच वळणाने गेली. जगभरात मिळालेल्या तुकड्यांवरून त्याच्या वीसएक प्रजाती कागदावर तयार झाल्या होत्या. 2013 मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या 43 नमुन्यांच्या डीएनएची तुलना झाली आणि सगळे एकाच प्रजातीचे असल्याचं चित्र समोर आलं, आर्किट्युथिस डक्स.

मग खरा आकार किती?

डोफ्लाइनीचा प्रौढ प्राणी साधारण 15 किलोचा आणि हात पसरल्यावर चार मीटरच्या आसपास. पन्नास किलोचे मोजलेले आहेत. नीट वजन केलेल्यांत 71 किलोचा उल्लेख सगळीकडे येतो. 272 किलो आणि 9.6 मीटर हा जो आकडा इंटरनेटवर फिरतो, त्याच्यामागे तपासता येईल असा नमुना नाही.

हातांची लांबी तर जवळजवळ निरुपयोगीच. मेलेला ऑक्टोपस ताणाल तेवढा ताणतो. म्हणून शास्त्रज्ञ डोळ्यांपासून धडाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजतात, आणि शक्य असेल तर वजन. एवढा देह हा प्राणी अवघ्या तीन ते पाच वर्षांच्या आयुष्यात कमावतो. मादी एकदाच हजारो अंडी घालते, महिनोन् महिने न खाता त्यांची राखण करते आणि मरते.

झालरवाला शेजारी

ही फक्त नावांची हौस आहे का? अलास्काच्या कोळ्यांना विचारलं तर ते नाही म्हणतील. तिथे कॉड मासा पकडायला समुद्रतळावर पिंजरे टाकतात. ऑक्टोपसला ते आयती गुहा वाटते आणि तो आत शिरतो. सरकारने ऑक्टोपस किती पकडला जावा याची मर्यादा ठरवली आहे. 2011 मध्ये बेरिंग समुद्रात ती मर्यादा गाठली गेली आणि पिंजऱ्यांनी होणारी कॉडची मासेमारीच थांबवावी लागली. ही मर्यादा एका प्रजातीसाठी नव्हती. तिथले सगळे ऑक्टोपस मिळून एकच हिशोब होता, त्यात डोफ्लाइनीचा वाटा मोठा. मग त्या हिशोबात एखादी दुर्मीळ प्रजाती दडलेली असेल तर ती कमी होतेय की नाही, हे कळणार कसं?

शंका रास्त होती. 2012 मध्ये अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंडमधल्या 'डोफ्लाइनीं'ची जनुकं तपासली तेव्हा त्यात एकमेकांत न मिसळणारे दोन गट दिसले. 2017 मध्ये अलास्का पॅसिफिक विद्यापीठाचे नेथन हॉलनबेक आणि डेव्हिड शील यांनी जिवंत प्राण्यांवरून त्यातला फरक दाखवला. वेगळ्या गटातल्या प्राण्याच्या धडाच्या कडेने कातडीची झालर जाते, डोळ्यांवर पापण्यांसारखे उंचवटे असतात आणि डोक्याच्या पुढच्या बाजूला दोन पांढरे ठिपके असतात. डोफ्लाइनीला एकच ठिपका. कोळंबीच्या पिंजऱ्यांत हे प्राणी आधीही येत होते. बरणीत गेल्यावर मात्र झालर आक्रसते, ठिपके जातात आणि उरतो तो 'आणखी एक डोफ्लाइनी'. हॉलनबेक यांनी प्राणी न मारता त्याचे फोटो घेऊन आणि अगदी थोडा नमुना काढून काम भागवलं, म्हणून तो वेगळा दिसला.

पिकफर्ड यांनी 1964 मध्ये अनेकांचा एक केला होता. आता त्या एकाचे पुन्हा दोन होत आहेत.

आपल्या किनाऱ्यावर काय?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जायंट नाही, पण हाच प्रश्न आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावर आणि ससून डॉकवर ट्रॉलरमधून माकुलांसोबत ऑक्टोपसही उतरतात. मराठी घरांत माकूल आवडीने खाल्लं जातं, ऑक्टोपस क्वचित. तो बहुतेक निर्यातीला जातो. मुंबईकडे मिळणाऱ्यांत सिस्टोपस इंडिकस हा मुख्य. हातांसकट अर्ध्या मीटरच्या आसपासचा हा प्राणी ओळखायचा तर उलटा करून बघावा लागतो. हातांच्या मुळांशी, मधल्या पडद्यावर छोट्या छोट्या पिशव्यांची तोंडं दिसतात. दुसऱ्या कुठल्या वंशातल्या ऑक्टोपसला त्या नसतात.

अनेक वर्षं भारतात अशा पिशव्यांचा ऑक्टोपस दिसला की तो इंडिकस, असं गृहीत धरलं जायचं. 2015 मध्ये व्ही. श्रीजा, मार्क नॉर्मन आणि बिजू कुमार यांनी भारताच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या नमुन्यांवरून याच वंशातली एक नवी प्रजाती नोंदवली, सिस्टोपस प्लॅटिनॉइडस. व्यापारात दोघांना भाव एकच, ऑक्टोपसचा. बर्फाच्या पेटीत ते शेजारी शेजारी पडले असतील, तर उलटून बघितल्यावर पिशव्या दोघांनाही दिसतील.